रोख्यामागचा हिशेब

गेल्या वर्षी टोमॅटोच्या हंगामाआधी माझा मामेभाऊ गाडी घ्यायला निघाला. दिंडोरी तालुक्यात त्याची साडेतीन एकर जमीन आहे. थोडी द्राक्षं, बाकी टोमॅटो. माल पिंपळगावच्या मार्केटला न्यायला दरवेळी दुसऱ्याची पिकअप भाड्याने घ्यायची, आणि भाव पडला की भाडंसुद्धा सुटायचं नाही. म्हणून स्वतःची पिकअप घ्यायची ठरली. नाशिकला एका शोरूममधून त्याने मला व्हॉट्सॲपवर कोटेशनचा फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"दादा, हा फायनान्सवाला सात टक्के म्हणतोय. बँकवाला साडेनऊ सांगतो, वर आठ-दहा दिवस थांबा म्हणतो. मग हाच बरा ना?"

आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, महिना अठरा हजार हप्ता. सात आणि साडेनऊ यांत लहान कोणतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, सही करू नकोस, मी येतो.

नाशिक हे गाड्या बनवणारं शहर आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे इथल्या कित्येक घरांत कुणी ना कुणी गाडीच्या एखाद्या भागावर हात फिरवलेला असतो. बोलेरो 2000 साली आली आणि स्कॉर्पिओ 2002 साली, दोन्ही महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून बाहेर पडल्या. गाडीचं इंजिन, ॲव्हरेज, रीसेल यांवर नाशिकचा माणूस चहाच्या टपरीवर तासभर बोलू शकतो. पण त्याच गाडीच्या कर्जाची किंमत विचारा, तो हप्ता सांगेल. अठरा हजार. म्हणजे हप्ता झेपतो की नाही एवढंच आपण बघतो. कर्ज केवढ्याला पडलं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो आपल्याला सहसा पडत नाही. आपण भोळे आहोत म्हणून असं होतं असं मला वाटत नाही. तो प्रश्न पडू नये अशाच बेताने कर्जाचा कागद लिहिण्याची परंपरा जुनी आहे. निदान दीडशे वर्षं तरी.

आधी त्या सात टक्क्यांचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फायनान्सवाल्याचा सात टक्के म्हणजे 'फ्लॅट' सात टक्के. आठ लाखांचे सात टक्के छप्पन्न हजार. ते गुणिले पाच वर्षं, म्हणजे 2,80,000 व्याज. मुद्दल धरून 10,80,000. भागिले साठ महिने, अठरा हजार. हिशेबात कुठेही चूक नाही. फक्त त्यात असं गृहीत धरलंय की पाचही वर्षं तुमच्याकडे पूर्ण आठ लाख आहेत. प्रत्यक्षात पहिला हप्ता दिल्यावर मुद्दल कमी व्हायला लागतं, अडीच-तीन वर्षांनी जवळपास अर्धं फिटलेलं असतं, आणि शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे अठरा हजारसुद्धा नसतात. तरी व्याज मात्र आठ लाखांवरच. शिल्लक मुद्दलावर, म्हणजे बँकेच्या भाषेत 'रिड्यूसिंग' पद्धतीने मोजलं तर हाच अठरा हजारांचा हप्ता साडेबारा टक्क्यांचा निघतो. बँकेचे साडेनऊ टक्के रिड्यूसिंगचे होते. तिचा हप्ता 16,801 येतो आणि पाच वर्षांचं व्याज साधारण 2,08,000. सात टक्क्यांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांच्या कर्जापेक्षा बहात्तर हजारांनी महाग होतं.

शिवाय कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. प्रोसेसिंग आणि कागदपत्रांचे बारा हजार, 'लोन सुरक्षा' नावाच्या विम्याचे अठरा हजार. हे तीस हजार कर्जातूनच आधी कापून घ्यायचे. म्हणजे गाडीसाठी प्रत्यक्षात मिळणार 7,70,000, हप्ता मात्र आठ लाखांचा. हे धरून दर काढला तर तो 14.2 टक्क्यांवर जातो. सातच्या दुपटीहूनही किंचित जास्त!

मी हे शोरूममध्ये बसून मोबाइलवर केलं. गुगल शीटमध्ये 'रेट' नावाचं एक सूत्र असतं. त्यात हप्त्यांची संख्या, हप्ता आणि हातात प्रत्यक्ष पडणारी रक्कम भरायची, आलेल्या उत्तराला बाराने गुणायचं. (तेही नको असेल तर तीन ते पाच वर्षांच्या कर्जासाठी फ्लॅट दराला 1.8 ने गुणा. अंदाज पुरेसा जवळ येतो.) समोरचा पोरगा भला होता, विशीतला. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "सर, असं कुणी बघत नाही."

पूर्वी एकदा लोकांनी बघितलं होतं. त्याची पद्धत जरा वेगळी होती.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, तेव्हाचा भीमथडी तालुका. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. पुढच्या दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण हे वाचलेलं असतं आणि परीक्षा झाली की विसरलेलं असतं. दंगा म्हटला की मारामारी, लूट डोळ्यांसमोर येते. इथे तशी रक्तपाताची प्रकरणं फार कमी झाली. लोकांना हवे होते कागद. कर्जरोखे, खतं, हिशेबाच्या वह्या. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद चौकात आणून जाळले गेले.

कागदांवर एवढा राग का? तर त्या कागदांत काय लिहिलंय हे सही किंवा अंगठा करणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि कोर्टात फक्त तोच कागद बोलत होता.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिथला कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. नवं कर्ज मिळेना, जुनं फिटेना. दंग्यानंतर सरकारने जो चौकशी आयोग नेमला त्याच्यासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

शंभराचे दोन हजार कसे होतात? इथे ती कागदाची कारागिरी येते, आणि मला ती फार शिकण्यासारखी वाटते.

आपल्याकडे 'दामदुप्पट' नावाचा जुना दंडक होता. धर्मशास्त्रात सांगितलेला आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी पुढेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पाळलेला. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले, तर व्याज शंभरापर्यंतच. याला छेद द्यायला बेकायदा काही करावं लागत नव्हतं. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू चांगला, की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकाराने काय करावं? तीन वर्षं भरत आली की जुना रोखा फाडायचा, मुद्दल अधिक व्याज अशी बेरीज करायची आणि ती सगळी रक्कम मुद्दल म्हणून नवा रोखा लिहून घ्यायचा.

समजा शंभर रुपये, दर साल चोवीस टक्के. साध्या व्याजाने नऊ वर्षांत 316 होतात. दामदुप्पट लावली तर 200 वर थांबतात. पण दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर आधी 172, मग 296, मग 509. आणि 509 च्या घरात पोचल्यावर कागदावर मात्र व्याजाचा पत्ता नसतो. लिहिलेलं असतं, 'मुद्दल रुपये 296, तीन वर्षांपूर्वी रोख मिळाले.' दामदुप्पट आता 296 च्या दुपटीला लागू. कायदा पाळला गेला, दंडकही पाळला गेला, आणि माणूस बुडाला.

दुसरी युक्ती मनोतीची. कर्ज देताना काही रक्कम आधीच कापून घ्यायची. पेशवाईतल्या देवघेवीतसुद्धा हा शब्द भेटतो. रोखा शंभराचा, हातात त्याहून कमी. शोरूमच्या कागदावर ज्याला प्रोसेसिंग फी म्हणतात किंवा दुचाकीच्या कर्जात ज्याला 'ॲडव्हान्स ईएमआय' म्हणतात, ती याच घराण्यातली. नाव नवं, काम तेच.

नाशिक जिल्हा 1875 च्या दंग्यात नव्हता. पण सावकाराच्या वहीशी वैर इथे आणखी जुनं होतं. नाशिक आणि नगरच्या डोंगरपट्ट्यात राघोजी भांगरे यांनी 1840 च्या दशकात जे बंड केलं त्यात इंग्रज सरकारबरोबर सावकारही होते. 1848 मध्ये राघोजींना ठाण्याला फाशी दिलं. आणि या गोष्टीतला माझा आवडता माणूस तर अस्सल नाशिक जिल्ह्यातला आहे. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 1842 साली निफाडला झाला. आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो, पुतळ्यातले गंभीर, पगडीवाले. त्यांनी ऐन उमेदीची कितीतरी वर्षं शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासण्यात घालवली हे फारसं सांगितलं जात नाही.

दंग्यानंतर चार वर्षांनी, 1879 मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' झाला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर हे चार जिल्हे. रानडे आदल्या वर्षीच पुण्याहून नाशिकला बदलून आले होते, तिथून धुळ्याला गेले. पुढे 1880 च्या दशकात ते याच कायद्याच्या अंमलबजावणीत आले आणि 1887 पासून विशेष न्यायाधीश झाले. 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नेमणूक होईपर्यंत ते या कामात होते. चार जिल्ह्यांत फिरायचं, तालुक्याच्या कोर्टांचे निकाल तपासायचे, गावोगाव मुक्काम. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या फिरतीची वर्णनं आहेत.

या कायद्यात काय होतं ते नीट बघा, कारण मला त्यात 2024 सालचा एक कागद दिसतो.

एक, शेतकऱ्याने कर्जाचा दस्त करायचा तर तो गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, आणि त्यात मोबदला किती व कसा मिळाला हे आलं पाहिजे. दोन, पैसे भरल्याची लेखी पावती मागण्याचा हक्क. तीन, वर्षाला हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क. चार, पासबुक मागण्याचा हक्क! आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोर्टाने समोरच्या रोख्यावर थांबायचं नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास तपासायचा, मुद्दलाचं आणि व्याजाचं खातं वेगवेगळं मांडायचं, आणि मग खरोखर किती देणं आहे ते ठरवायचं. इंग्रजीत याला रोख्याच्या 'मागे जाणं' म्हणत. 509 च्या रोख्यामागे 296 चा, त्यामागे 172 चा, त्यामागे हातात पडलेले शंभर. तिथपर्यंत जायचं.

त्या काळाच्या मानाने हे विलक्षण आहे. 'सही केलीस ना, मग भर' हा ज्या राज्याच्या न्यायाचा पाया, त्याच राज्याने सहीच्या मागे बघायचा अधिकार दिला. कायद्याने सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी जमिनीचं सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडी करार असा की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर कर्जच नाही, मग कर्जाचा कायदा कशाला लागणार? काही भागांत सावकारांनी नवं कर्ज देणंच आवरतं घेतलं, तोही त्रास शेतकऱ्यालाच. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मधला शेतकरी याच वर्षांतला, 1883 च्या आसपासचा. सावकार आणि कचेरी या दोन्हीकडून नाडला गेलेला.

आता जरा लांब जाऊ, कारण गाडीच्या कर्जाचा जन्म महाराष्ट्रात झालेला नाही. तो अमेरिकेत, डेट्रॉइटच्या कारखान्यांभोवती झाला.

हेन्री फोर्डला उधारी आवडायची नाही. त्याचं म्हणणं, पैसे साठवा आणि गाडी घ्या. जनरल मोटर्सने उलटा विचार केला आणि 1919 मध्ये गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बहुतेक गाड्या हप्त्यावर जाऊ लागल्या, आणि 1928 मध्ये फोर्डलाही कर्जाची कंपनी काढावी लागली. 1930 च्या दशकात जनरल मोटर्सने जाहिरात केली, 'सहा टक्के योजना'. गिऱ्हाइकांना वाटलं, वर्षाला सहा टक्के व्याज. प्रत्यक्षात सहा टक्के होते पूर्ण मूळ रकमेवर, फ्लॅट. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर दर साडेअकराच्या आसपास जात होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. कंपनी कोर्टात गेली, आणि 1940 मध्ये कोर्टानेही कमिशनची बाजू उचलून धरली.

म्हणजे माझ्या मामेभावाला जी युक्ती लावली जात होती तिला अमेरिकेतल्या कोर्टाने 1940 सालीच दिशाभूल म्हटलेलं आहे. तिथेही एवढ्याने भागलं नाही. पॉल डग्लस नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सिनेटर झाले होते. त्यांनी 1960 मध्ये एक विधेयक मांडलं की प्रत्येक कर्जावर खरा वार्षिक दर एकाच पद्धतीने काढून छापलाच पाहिजे. धनकोंनी विरोध केला. डग्लस 1966 ची निवडणूक हरले. कायदा झाला 1968 मध्ये, ते सिनेटमध्ये नसताना. आज ज्याला एपीआर म्हणतात, सगळे खर्च धरून काढलेला वार्षिक दर, तो सक्तीने कागदावर आला तो असा.

आपल्याकडे ट्रक आणि टॅक्सी 'हायर पर्चेस'वर जायच्या. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्स कंपनी, तुम्ही भाडेकरू. एक हप्ता चुकला की गाडी ओढून नेणार, आणि तोवर भरलेले पैसे भाड्यात जमा. यावर संसदेने 1972 मध्ये चांगला कायदा केला. करारात रोखीची किंमत आणि हप्त्याने पडणारी किंमत दोन्ही लिहिलीच पाहिजे, हप्ते किती आणि कधी तेही. पण हा कायदा अमलात आलाच नाही. पुस्तकात पडून राहिला आणि 2005 मध्ये रद्द झाला. तेहतीस वर्षं! एवढ्या काळात दोन पिढ्यांनी ट्रक घेतले, फेडले, काहींचे ओढून नेले गेले.

दुसरीकडे 1984 मध्ये बँकिंग नियमन कायद्यात 21-अ हे कलम घातलं गेलं. बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्टाने कर्जाचं खातं पुन्हा उघडून बघू नये. बँकांचे दर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असतात, मग प्रत्येक कोर्टाने वेगळं गणित का मांडावं, असा त्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा नाही. आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बिगर-बँक फायनान्स कंपन्यांनाही राज्यांचे सावकारीचे कायदे लागू नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत. आपल्या 2014 च्या सावकारी कायद्याचा धाक गावातल्या सावकाराला आहे, शोरूममधल्या टेबलाला नाही. रानडे ज्या दारातून रोख्याच्या मागे जात होते ते दार गाडीच्या कर्जापुरतं जवळपास लागलेलं आहे. सही करून झाल्यावर दर जास्त होता म्हणून रडण्यात फारसा अर्थ नाही. बघायचं ते सहीच्या आधी.

सहीच्या आधी बघायला आता एक कागद मिळतो. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढलं आणि 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या किरकोळ मुदत कर्जांना ते लागू केलं. कागदाचं नाव 'की फॅक्ट स्टेटमेंट', बोलीभाषेत केएफएस. त्यात एपीआर लिहिलाच पाहिजे, आणि त्या एपीआरमध्ये प्रोसेसिंग फीच नव्हे तर तुमच्याकडून दुसऱ्याच्या नावाने घेतलेले विम्याचे पैसेही धरले पाहिजेत. कुठला हप्ता किती, त्यात मुद्दल किती, व्याज किती, याचा तक्ता द्यायचा. मुद्दलाचं आणि व्याजाचं वेगळं खातं, 1879 सारखंच. कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, म्हणजे मराठीत मागता येतो. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जासाठी निदान तीन कामकाजाचे दिवस विचार करायला मिळतात. तेवढ्यात तुम्ही हो म्हटलंत तर त्यातल्याच अटींवर कर्ज द्यावं लागतं. त्यात न लिहिलेला खर्च तुमची स्पष्ट संमती नसताना नंतर लावता येत नाही. त्याआधी 2023 मध्ये दंडाबद्दलही नियम आला होता. हप्ता चुकला तर दंड घ्या, पण त्या दंडावर पुन्हा व्याज नाही. सुप्याच्या बाजारात ज्या गोष्टीवरून आग लागली तिच्यातलं निदान एक लाकूड काढून घेतलंय.

'झिरो टक्के' ऐकलं की हाच कागद बघा. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. समजा एक स्कूटर 2,40,000 ची, वीस हजारांचे बारा हप्ते, व्याज शून्य. आणि रोखीने घेणाऱ्याला बारा हजारांची सूट. मग तुमचं खरं कर्ज 2,28,000 आहे आणि दर साडेनऊ टक्क्यांच्या वर. व्याज किमतीत विरघळवलंय एवढंच. खरेदीखतात विरघळवलेल्या कर्जासारखं.

आम्ही शोरूममधल्या त्या पोराला म्हटलं, केएफएस दाखव. तो आत जाऊन आला. म्हणाला, ते सही झाल्यावर मेलवर येतं. मी म्हटलं, आधी द्यायचं असतं. पुन्हा आत गेला. वीस मिनिटांनी मामेभावाच्या फोनवर पीडीएफ आली, इंग्रजीत. तिसऱ्या ओळीत एपीआर होता, 14.2 टक्के. कंपनीने काहीच लपवलं नव्हतं तसं पाहिलं तर. फक्त तोंडाने सात सांगितलं होतं आणि कागदावर चौदा लिहिलं होतं.

मामेभाऊ बराच वेळ फोनकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, "हा विमा काढून टाकला तर?" पोरगा म्हणाला, मग अप्रूव्हलला वेळ लागेल. म्हणजे विमा सक्तीचा नव्हता, नुसता घाईत चिकटवलेला होता.

इथे खरा पेच होता आणि तो नुसत्या गणिताने सुटणारा नव्हता. टोमॅटो तोडणीला आले होते. बँकेची फी पाच हजार, तिच्याकडून आठ लाख एकंदर 10,13,000 ला पडत होते. इथे 10,80,000 चे हप्ते आणि कापलेले तीस हजार खिशातून, म्हणजे 11,10,000. फरक जवळपास सत्त्याण्णव हजार. पण बँकेचे आठ-दहा दिवस म्हणजे तेवढ्या खेपा भाड्याच्या गाडीने. 1875 च्या शेतकऱ्यालाही घाई होती, सारा भरायची तारीख समोर होती. घाई असलेल्या माणसाला महाग कर्ज मिळतं हे तेव्हाही खरं होतं. आम्ही शेवटी खेपांचं भाडं मांडलं. दहा खेपा, खेपेला अठराशे, अठरा हजार. वजा केले तरी एकोणऐंशी हजार उरत होते.

तो बँकेत गेला. दहाचे चौदा दिवस झाले. सातबारा, आठ-अ, दोन वर्षांच्या पट्ट्या, जामीनदार, एका कागदावर नावात काना कमी म्हणून पुन्हा तहसील. मधल्या दिवसांत टोमॅटोचा भाव पडला आणि एक खेप तशीच परत आणावी लागली, त्यावरून मामाने मला फोनवर ऐकवलं. "तुझ्या हिशेबापायी पोरगं अडकलं," म्हणाले. मी गप्प बसलो. भाव गाडी असती तरी पडलाच असता, पण मामांना ते सांगण्यात अर्थ नव्हता.

बँकेने केएफएस मराठीत दिला. मागावा लागला, पण दिला. मामेभावाने तक्त्याची प्रिंट काढून आणली आणि पिकअपच्या आरसीच्या झेरॉक्ससोबत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. आरसीवर त्याच्या नावाखाली बँकेचं नाव आहे, कर्ज फिटून ना-हरकत दाखला मिळेपर्यंत ते राहणार. दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज आला की तो तक्त्यातल्या त्या ओळीवर पेनने टिंब करतो. परवा म्हणाला, अकरावा हप्ता गेला, व्याज पाच हजार पाचशेच्या आत आलंय.